समाजआरतीत आमचा टाळ अजून वाजतो आहे

दिंडीचालक महाराज, विणेकरी बाबा आणि दिंडीतल्या समस्त माउलींना,

राम कृष्ण हरी.

वारीत गाऱ्हाणं कसं मांडायचं हे मला माझ्या वडिलांनी, अण्णांनी शिकवलं, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आई मला घेऊन लोणंदच्या मुक्कामाला त्यांना भेटायला गेली होती. संध्याकाळची समाजआरती. सगळ्या दिंड्या गोल करून उभ्या, पालखी मध्ये आलेली, टाळ-मृदंगाचा असा गजर की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. मग सोहळ्याची शिस्त बघणाऱ्या चोपदारांनी हातातला दंड उंचावला आणि बघता बघता सगळा तळ चिडीचूप झाला. फक्त लांब कुठेतरी एका दिंडीचे टाळ वाजतच राहिले. मला वाटलं, त्यांना दंड दिसला नसावा. अण्णांनी खाली वाकून कानात सांगितलं, "दिसलाय. त्यांची काहीतरी तक्रार आहे. ज्याची तक्रार असते त्याने टाळ थांबवायचा नसतो. चोपदार आवाजाच्या रोखाने जातात, विचारतात, मार्ग काढतात. ओरडायचं नाही, भांडायचं नाही, नुसता टाळ वाजवत राहायचा."

हे पत्र म्हणजे आमच्या घराचा टाळ समजा. भांडायला लिहीत नाही. दिंडीचा क्रमांक आणि गावाचं नाव मुद्दाम घातलेलं नाही, कारण हा विषय एका दिंडीपुरता राहिलेला नाही असं मला वाटतं.

मागच्या आठवड्यात तुमच्याकडून दोन गोष्टी आमच्या घरी आल्या. पहिली, यंदाच्या दिंडीच्या पत्रिकेत अण्णांच्या फोटोखाली छापायचा मजकूर. "अत्यंत शिस्तप्रिय, मितभाषी, धीरगंभीर वृत्तीचे निष्ठावंत वारकरी" असे शब्द त्यात आहेत. तुम्ही ते आदराने लिहिले, छापायच्या आधी आम्हाला दाखवले, याबद्दल मनापासून आभार. आईला मी तो कागद वाचून दाखवला. तिने परत एकदा वाचायला लावला आणि विचारलं, "हे कुणाबद्दल लिहिलंय?"

दुसरी गोष्ट म्हणजे बैठकीतला निरोप. अश्वाचं रिंगण झाल्यावर आपली दिंडी यंदापासून टाळाच्या ठेक्यावरच्या उडीच्या खेळात उतरणार नाही, दुपारच्या विसाव्याला फुगड्याही होणार नाहीत, विसाव्याला फक्त भजन. मागच्या वर्षी एका माउलींचा पाय फुगडीत मोडला आणि लोक मोबाइलवर चित्रीकरण करून टिंगल करतात, ही दोन कारणं दिली आहेत.

पत्रिकेतला मजकूर आणि बैठकीतला निर्णय हे मला एकाच जागेवरून आलेले वाटतात. भक्तीत हसणं-खेळणं म्हणजे जरा कमीपणा, असं कुठेतरी आपल्या मनात बसायला लागलं आहे. अण्णा गेले, आता त्यांना मोठं करायचं तर आधी त्यांचं हसू काढून घ्यायला हवं, असं काहीसं. म्हणून मला ते कसे होते हे सांगावंसं वाटतं. तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी त्यांना माझ्याइतकंच पाहिलं आहे, तरीही सांगते.

भक्तीच्या बाबतीत अण्णांनी कधी सूट घेतली नाही. चोविसाव्या वर्षी माळ घातली. पहाटे चारला उठणं, अंघोळ, गोपीचंदन, तुळशीला पाणी, संध्याकाळी हरिपाठ. दोन्ही पंधरवड्यांच्या एकादश्या. पायी वाऱ्या 40. शिवणकामाचं दुकान होतं, पण एकादशीला मशीनचं पायडल हलायचं नाही, मग गिऱ्हाईक कितीही मोठं असो. गिऱ्हाइकाचं उरलेलं कापड ते चिंधीसकट पुडीत बांधून परत द्यायचे. एवढंच लिहिलं तर तुमचा मजकूर बरोबर ठरेल. पण याच माणसाने माझ्या मुलीच्या प्रत्येक फ्रॉकला आतल्या बाजूने एक चोरखिसा शिवला होता. फ्रॉक घातला की तो तिने शोधायचा. कधी कमरेच्या दुमडीत, कधी अस्तरात, एकदा तर कॉलरच्या खाली. त्यात एक लिमलेटची गोळी. शोधून सापडला नाही तर आबांपुढे, म्हणजे अण्णांपुढे, जाऊन हरले म्हणायचं, मग आबा डोळे मिटून हात जोडायचे आणि पांडुरंगाला विचारून सांगायचे की खिसा कुठे आहे. ती पाच वर्षांची होईपर्यंत तिची खात्री होती की पांडुरंगाला तिच्या सगळ्या फ्रॉकांची माहिती आहे.

पहाटेची पूजा झाली की बोटाला लागलेला बुक्का ते झोपलेल्या नातवंडांच्या कपाळाला लावायचे. आणि मग उरलेल्या बुक्क्याने नाकाखाली मिशा. माझा भाचा एकदा तशाच मिशांनी शाळेत गेला होता. बाईंनी विचारलं तर म्हणाला, "प्रसाद आहे, पुसायचा नसतो."

आमच्या आईची बाजूही लिहायला हवी, नाहीतर हे चित्र अर्धवट राहील. जून महिना म्हणजे गणवेशाचे दिवस. शिंप्याच्या घरात वर्षाची निम्मी कमाई त्या तीन-चार आठवड्यांत व्हायची, आणि नेमक्या त्याच दिवसांत अण्णा वारीला निघायचे. आई रात्री दोन दोनपर्यंत काज-बटणं करत बसायची. मी लहानपणी त्यांच्यावर याचा फार राग धरला होता. एका वर्षी तर ते निघताना पाया पडायला मी गेलेच नाही. ते काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी चैत्रातच शाळेशाळेत जाऊन मापं घ्यायला लागले, "पोरं दोन महिन्यांत वाढतील" असं म्हणून प्रत्येक गणवेशाला दोन बोटं दुमड जास्त ठेवली आणि ज्येष्ठ लागायच्या आत सगळे कपडे घडी करून ठेवले. त्या वर्षी आईला म्हणाले, "आता तूही चल." आई डोक्यावर तुळस घेऊन गेली. परत आली तेव्हा पायांना फोड होते आणि ती आठवडाभर अण्णांच्या नकला करून आम्हाला हसवत होती.

त्या नकला म्हणजे दिवेघाटाच्या. पुण्याहून सासवडची मजल लांबची, वर घाट, आणि तिथीने त्या दिवशी एकादशी. पोटात शेंगदाण्याचा लाडू नाहीतर केळं, वरून ऊन किंवा पाऊस. चाल तिथे मंदावते. अण्णांनी तिथे आपल्या दिंडीत एक रीत पाडली होती. घाटाच्या दर वळणाला एका आजीने उखाणा घ्यायचा आणि त्यात विठोबाचं नाव आलंच पाहिजे. नवऱ्याचं नाव चालणार नाही. सत्तरीच्या बायका लाजत लाजत विठ्ठलाचं नाव घ्यायच्या, बाकीच्या टाळ्या पिटायच्या, आणि वळणामागून वळण कधी संपलं ते कळायचं नाही. एका आजींना काही सुचेना, तर त्या तिथेच कडेला बसल्या आणि म्हणाल्या, "मी नाव घेणार नाही, त्यालाच येऊन माझं नाव घेऊ दे." अण्णा लगेच टाळ सरसावून विठ्ठलाच्या वतीने उखाणा घेऊन मोकळे झाले. दिंडीतल्या जुन्या बायकांना ही गोष्ट ठाऊक आहे. विचारून बघा. त्या घाटात कुणी "मितभाषी" माणूस पाहिला होता का, हेही विचारा.

वेळापूरच्या अलीकडे उतारावर धावा होतो. पंढरी जवळ आली या आनंदाने सगळा सोहळा एकदम पळत सुटतो. अण्णा टाळ छातीशी धरून पळायचे. पळता पळता हसायचे, आणि खाली पोचले की रडायचे. मी एकदा विचारलं होतं की हसता का आणि रडता का. ते म्हणाले, "मला कुठे वेगवेगळं कळतं?"

2020 साली वारी पायी निघाली नाही. पादुका दशमीला एसटीने पंढरपूरला गेल्या, पुढच्या वर्षीही तसंच झालं. पहिल्या वर्षी प्रस्थानाच्या दिवशी अण्णा सकाळी पांढरे कपडे घालून, टाळ गळ्यात अडकवून ओसरीत बसून राहिले. दुपारी जेवले नाहीत. आईने मला फोन केला, मी आणि भाऊ तेव्हा मुलांसकट गावीच अडकलो होतो, शेजारच्या घरात. माझी मुलगी आठ वर्षांची, भाचा पाच. तिने जाऊन विचारलं, "आबा, आपण घरात वारी काढू या का?"

आणि मग काढली. खरोखर अठरा दिवस. ओसरी म्हणजे आळंदी, माजघर म्हणजे पुणे, माडीचा जिना हा दिवेघाट. स्वयंपाकघर जेजुरी. जेजुरीला पालखीवर भंडारा उधळतात, म्हणून अण्णांनी आईच्या डब्यातली हळद ओंजळभर घेतली आणि उधळली. भिंतीवर अजून तो पिवळा डाग आहे. दोन दिवाळ्यांना रंगारी आले, आईने तेवढी भिंत रंगवू दिली नाही. न्हाणीघर म्हणजे नीरा नदी, तिथे पितळी वाटीत ठेवलेल्या तुळशीच्या पानाला स्नान. आणि परसातल्या तुळशीवृंदावनाभोवती रिंगण. भाचा अश्व झाला होता. कमरेला आईच्या साडीचा काठ शेपटीसारखा बांधलेला, तोंडाने टापांचा आवाज काढत त्याने तीन फेऱ्या मारल्या. तो थांबला तसे अण्णा खाली बसले, त्याचं पाऊल जिथे पडलं होतं तिथली चिमूटभर माती उचलली आणि कपाळाला लावली. खऱ्या रिंगणात अश्वाच्या टापांखालची लावतात, अगदी तशी. गंमत म्हणून नव्हे. मी दारात उभी होते, मला त्यांचा चेहरा दिसत होता. त्यानंतर त्यांनी दोन्ही नातवंडांचे हात धरले आणि फुगडी घातली. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस एका बाजूला, पाच आणि आठ वर्षांची पोरं दुसऱ्या बाजूला. सगळे धपकन पडले.

महाराज, त्या पाच वर्षांच्या पोराला देव म्हणजे काय ते मी किंवा त्याच्या बापाने शिकवलेलं नाही. त्याने ते त्या दिवशी परसात पाहिलं. आज अकरा वर्षांचा आहे, न सांगता संध्याकाळी हरिपाठाला बसतो. त्याला कुणी धीरगंभीर होऊन समोर बसवलं असतं तर तो बसला असता का, याचं उत्तर तुम्हीच द्या.

आता कारणांबद्दल. ज्या माउलींचा पाय मोडला त्यांना मी भेटून आले. त्यांचा त्रास मोठा होता, तीन महिने त्या अंथरुणावर होत्या, आणि तुमची काळजी रास्त आहे. पण त्या दिवशी पाऊस पडून गेलेला होता, शेतात निसरडं झालं होतं, तिथे फुगडी घालायलाच नको होती. हे मी म्हणत नाही, त्याच म्हणाल्या. अण्णांनीसुद्धा गुडघे दुखायला लागल्यावर पंच्याहत्तरीनंतर फुगडी सोडली. पण ते विसाव्याला तंबूत जाऊन पडले नाहीत. रिंगणाच्या कडेला मांडी घालून बसायचे आणि दुसऱ्यांच्या गिरक्या मोठ्याने मोजायचे. मोजताना मुद्दाम आकडे चुकवायचे, म्हणजे खेळणारे हसून हात सोडतील आणि दमणार नाहीत. तसं करता येईल. कोरडी जागा बघावी, वयस्क माउलींनी बसून ठेका धरावा, ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी खेळावं. एक जागा निसरडी होती म्हणून खेळच बंद करणं मला पटत नाही.

टिंगलीचं म्हणाल तर ती आजची नाही. टाळ कुटणारे म्हणून वारकऱ्याला हिणवणारे पूर्वीही होते. एकनाथमहाराजांनी सोळाव्या शतकात भारुडं रचली, त्यात विंचू आणला, वेडी आणली, जोगवा मागणारी आणली, लोकांना हसवत हसवत परमार्थाकडे नेलं. त्यांनी लोक काय म्हणतील याचा विचार केला असता तर आपल्याकडे काय उरलं असतं? आणि आपली वारी संपते कुठे? पौर्णिमेला गोपाळपूरच्या काल्यात. खेळून दमलेल्या सवंगड्यांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र करून खाल्ल्या, त्याची आठवण म्हणून. देव स्वतः ज्यांच्याबरोबर विटीदांडू खेळला असं आपण कीर्तनात ऐकतो, त्या देवाच्या वाटेवर उडीचा खेळ कमीपणाचा कसा होईल? रिंगण झाल्यावर पालखीभोवती शेकडो टाळकरी एका ठेक्यावर उठतात, बसतात, उंच उडी घेतात आणि पखवाजाची थाप त्यांना जमिनीवर उतरवते, ते मी चांदोबाच्या लिंबाला पाहिलं आहे आणि बाजीराव विहिरीलाही. तिथे कोण पोराटकी करतंय असं मला कधी वाटलं नाही.

एक गोष्ट सांगायला मला जड जातं. अण्णा कार्तिकात गेले. झोपेतच गेले, फार काही झालं नाही. अंघोळ घालून, गोपीचंदन आणि बुक्का लावून त्यांना ओसरीत ठेवलं होतं. तुमच्यापैकी बरेच जण भजनाला आले होते. माझी मुलगी तेरा वर्षांची. ती जवळ जाऊन बसली, डबीतला बुक्का तिने बोटावर घेतला आणि आजोबांच्या नाकाखाली, पांढऱ्या मिशांवर, दोन बारीक काळ्या मिशा काढल्या. कुणीतरी वडीलधाऱ्या बाई पुढे झाल्या, "हे काय, वेळ काय, पोरीला कळत नाही का" असं म्हणाल्या आणि पदराने ते पुसलं. मी बघत होते. मी त्यांचा हात धरला नाही. मुलगी माझ्याकडे बघत राहिली, मग आत गेली.

त्या बाईंचा मला राग नाही, त्यांनी चांगल्याच भावनेने केलं. पण मी गप्प का राहिले, हे मला त्यानंतर रोज पहाटे चारला आठवतं, कारण अण्णांच्या सवयीने आता मलाही त्याच वेळी जाग येते. तुमचा मजकूर वाचला तेव्हा मला तो पदर पुन्हा दिसला. या वेळी मी गप्प बसणार नाही एवढंच ठरवलं.

पत्रिकेसाठी आईने सांगितलेला मजकूर असा आहे: "40 वाऱ्या केल्या. दिवेघाटात उखाणे घ्यायला लावले. दिंडीच्या पताका शिवल्या. पंच्याहत्तरीपर्यंत फुगडी घातली." यापुढे विशेषण घालू नका अशी तिची विनंती आहे. फोटोही बदलून देते. तुमच्याकडे आहे तो आधारकार्डासाठी काढलेला आहे. बाजीराव विहिरीच्या रिंगणात तोंड उघडून हसतानाचा एक आहे, त्यात एक दात नाही, तो छापा.

खेळाबद्दलचा निर्णय बैठकीत पुन्हा एकदा मांडावा. मला बोलवलंत तर येईन. नाही बोलवलंत तरी माझी मुलगी यंदा लोणंदपासून दिंडीत चालायला येते आहे, तिची तशी इच्छा आहे आणि विणेकरी बाबांनी होकार दिला आहे. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं की ती अण्णांचा टाळ घेऊन उभी राहील. त्या टाळाची दोरी सैल वाटली तरी घट्ट करू नका. बोटांना फोड येऊ नयेत म्हणून त्यांनी ती तशी ठेवली होती आणि तिच्या हातालाही आता तीच सवय झाली आहे.

आणखी एक. पताकांची काठी जिथे ओवतात ती बाही घासून लवकर फाटते, म्हणून अण्णा आतून दुहेरी कापड लावायचे. यंदा नवीन पताका शिवायला टाकणार असाल तर जुन्या टाकून देऊ नका, आमच्याकडे पाठवा. बाही उसवली की आत फुलाफुलांचं कापड निघेल. ते माझ्या मुलीच्या फ्रॉकांचं आहे. एखाद्या पताकेत चोरखिसाही असेल. तिला अजून सगळे सापडलेले नाहीत.

आपली,
अण्णांची लेक